सात मिनिटं छान चालणारं मशीन

आमच्या धाकट्या भाऊजींना शाळेतली पोरं गवत्या म्हणतात. तोंडावर नाही, पाठ वळली की. भाऊजींना ते ठाऊक आहे. उलट कोणी ‘काका’ म्हणालं तर तेच मागे वळून बघतात, दुसऱ्या कोणाला हाक मारली की काय म्हणून. तीस वर्षं शाळेच्या मैदानाचं गवत त्यांच्याच नजरेखाली वाढतंय आणि त्यांच्याच हातून कापलं जातंय. लग्न केलं नाही. सासूबाई होत्या तोवर विषय निघायचा, तेव्हा म्हणायचे, “एक आहे की! दोरी ओढल्याशिवाय बोलत नाही आणि एकदा बोलायला लागली की कोणाचं ऐकत नाही.” ती म्हणजे पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन.

यंदा शाळेला नवे व्यवस्थापक आले. वयानं आमच्या थोरल्या मुलापेक्षाही लहान, बोलायला गोड. त्यांनी आल्या आल्या मैदानाच्या कडेची शेड पाडली, तिथे गाड्या लावायची सोय केली. शेड गेली तसं मशीन उघड्यावर आलं. भाऊजींनी ते आमच्या मागच्या बोळात, स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवलं. रोज ढकलत न्यायचं, रोज ढकलत आणायचं. अर्ध्या गल्लीला त्याच्या चाकांच्या खडखडाटावरून किती वाजले ते कळायचं.

आणि आल्यापासून आठवड्याभरात ते बिघडलं.

सोमवारी भाऊजी दुपारीच परत आले. मशीन बोळात टेकवलं आणि पायरीवर बसले. “वहिनी, दहा मिनिटं चालतं आणि मग गचके खातं. रेस वर जाते, खाली येते, वर जाते. मग बंद.”

“कचरा आला असेल,” मी म्हटलं. इतक्या वर्षांत एवढं तर मलाही येतं.

“बघतो.”

त्यांची पद्धत ठरलेली. आधी वर्तमानपत्र पसरायचं. मग टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढायचं, नाहीतर मशीन आडवं केलं की सांडतं. मग प्लग. प्लग काळा पडला होता. पॉलिश पेपरनं घासला, करवतीचं पातं त्याच्या टोकांमध्ये घालून अंतर मापलं. हवेच्या फिल्टरचा फोम माझ्या भांड्यांच्या साबणानं धुतला आणि मला न विचारता दोरीवर माझ्या साडीशेजारी वाळत घातला. मग कार्बोरेटर उघडला. पेट्रोल आत सोडणारा पितळेचा जेट एवढासा, तांदळाच्या दाण्याला लाजवेल असा. तो उजेडाकडे धरून डोळा बारीक केला. “वहिनी, तुमचे डोळे चांगले. आरपार दिसतंय का?”

दिसत होतं. तरी त्यांनी तारेच्या एका धाग्यानं तो साफ केला.

सगळं जोडून, पेट्रोल परत ओतून, झाकण लावून त्यांनी दोरी ओढली. पहिल्या ओढीत मशीन चालू! असं एकसारखं चाललं की समोरच्या निवृत्त बाई गॅलरीत आल्या. त्यांना आवाज सोसत नाही. सात मिनिटं सहन करून म्हणाल्या, “अहो, विमान उडवायचंय का? उडवा तरी एकदाचं!” भाऊजींनी हसून मशीन बंद केलं. “झालं वहिनी. कचराच होता.”

मंगळवारी मैदानावर दहा-बारा मिनिटांनी पुन्हा गचके, पुन्हा बंद.

त्याच दिवशी व्यवस्थापकांनी त्यांना बोलावलं. शनिवारी सकाळी विश्वस्त मैदान बघायला येणार होते. “काका, पुढचा अर्धा भाग त्यांच्या समोर एका दमात कापून दाखवा. पाऊण तासाचं काम. नाहीतर सोमवारपासून एजन्सीला देतो. त्यांचं मशीन बसून चालवायचं असतं. तुम्हालाही आराम, बसून करायचं काहीतरी काम देऊ.”

रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, “नाहीतरी चौपन्न वर्षांचा झालास. बसवतील कुठेतरी. पगार काही बंद होत नाही.”

भाऊजींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “दादा, बसायचं असतं तर मी तुझ्यासारखा ऑफिसात गेलो असतो.”

यांनी मान खाली घातली. त्यांनाही ठाऊक होतं, मैदान गेलं तर या माणसाकडे सकाळी उठायला कारण उरणार नाही.

बुधवारी ते नेहमीपेक्षा लवकर गेले आणि हातात काहीतरी सापडल्यासारखे परत आले. मशीन बंद पडल्यावर पेट्रोल संपलं का ते बघायला त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल होतं. झाकण लावलं, घाम पुसला, दोरी ओढली, तर चालू. पुन्हा दहा मिनिटांनी बंद. “म्हणजे बघा वहिनी, तापलं की बंद, निवलं की चालू. दुसरं काय असणार? कॉइल. कॉइल तापली की ठिणगी देणं बंद करते.”

त्यांचा तर्क ऐकायला इतका नीट होता की मीही मान डोलावली. मधल्या सुट्टीची वेळ होती, पोरं त्यांच्याभोवती ओरडत होती, असंही ते म्हणाले होते. झाकण उघडताना आवाज झाला असेल तर तो त्या गोंगाटात कोणाला ऐकू येणार!

गुरुवारी गॅरेजवाल्याकडून जुन्या मशीनची कॉइल आणली. ती बसवायला संध्याकाळ गेली. कॉइलवरच्या चक्राचा नट काही सुटेना. शेवटी हे ऑफिसचे कपडे न बदलता खाली बसले आणि दोघा भावांनी मिळून पाना ओढला. बऱ्याच वर्षांनी दोघांना एका कामावर वाकलेलं बघितलं. “जोर लाव रे, खुर्चीवर बसून हात गेले का तुझे?” भाऊजी दादाला म्हणाले. यांनी असा जोर लावला की नट सुटला आणि हे बोळात उताणे. आम्ही तिघं पोट धरून हसलो.

शुक्रवारी मैदानावर लांब चालवून बघायचं होतं. पण शाळेत सभा होती, शिपायानं दारातूनच परत पाठवलं, आवाज नको म्हणून. मग बोळातच. पेट्रोल ओतलं, झाकण लावलं, दोरी ओढली. सात मिनिटं घड्याळासारखं. आठव्या मिनिटाला निवृत्त बाईंनी गॅलरीतून नुसतं बघितलं. भाऊजींनी बंद केलं.

“अजून पाच मिनिटं चालवा ना,” मी म्हटलं.

“कशाला लोकांचे शाप घ्या. चाललं की.”

शनिवारी ते चष्मा विसरून गेले म्हणून मी मागोमाग शाळेत गेले. कुंपणाशी उभी राहिले. तीन-चार विश्वस्त खुर्च्यांवर, व्यवस्थापक उभे. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, गवत कापायला! मशीन चालू झालं. पहिली पट्टी, दुसरी, तिसरी. त्यांची चाल मी तीस वर्षं बघतेय, पण त्या दिवशी ते नवरदेवासारखे चालत होते. पट्ट्या अशा सरळ, की दोरी धरून आखाव्यात. एक विश्वस्त बाई दुसऱ्यांना काहीतरी कौतुकानं दाखवत होत्या.

मग आवाज वर गेला. खाली आला. वर गेला.

भाऊजींनी चोक हलवला. हातानं काही होत नाही म्हटल्यावर ते मशीनशी बोलायला लागले. ओठ हलताना मला दिसत होते. बंद. दोरी ओढली, एकदा, पाचदा, अकरा वेळा मी मोजल्या. थोडं थांबून ओढली तेव्हा चालू झालं, अर्धी पट्टी गेलं, बंद.

व्यवस्थापक जवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “राहू द्या काका. दमलात तुम्ही.” आवाजात खोटेपणा नव्हता. खुर्च्या उचलल्या गेल्या, सगळे आत गेले.

मी चष्मा घेऊन पुढे झाले. मैदानात कोणी नव्हतं. भाऊजी वाकले आणि टाकीचं झाकण फिरवलं.

स्सस्स.

घट्ट झाकणाची बरणी उघडताना हवा आत ओढली जाते, तसा आवाज. आम्ही दोघांनी ऐकला. भाऊजींनी झाकण उलटं केलं. आत सायकलच्या ट्यूबचा गोल कापलेला तुकडा बसवला होता, घट्ट, नीट, कडा कात्रीनं गोलावलेल्या.

मशीन बोळात आलं त्या आठवड्याच्या शनिवारी मी म्हटलं होतं, “भाऊजी, चहाला पेट्रोलचा वास येतो हो.” ते हसले होते. दुसऱ्या दिवसापासून वास बंद. मला वाटलं, माझ्या नाकाला सवय झाली.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं आणि थांबतं. दुसरं भोक पाडावं लागतं, हवा आत जायला. हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. टाकीच्या झाकणाला तसंच बारीक भोक असतं. ते भाऊजींनी माझ्या चहासाठी बुजवलं होतं. आणि आठवडाभर प्रत्येक दुरुस्तीआधी पेट्रोल काढायला त्यांनी झाकण उघडलं, हवा आत गेली, मशीन चाललं, आणि श्रेय मिळालं प्लगला, जेटला, कॉइलला. सगळं तपासलं. फक्त स्वतः प्रेमानं केलेली गोष्ट कोण तपासतं?

“भाऊजी...”

“तुम्ही काही बोलू नका.” त्यांनी रबर काढून खिशात घातलं. दोरी ओढली. आणि जिथे थांबले होते तिथून पुढे कापायला लागले. पाऊण तास. एकही गचका नाही. बघायला मी एकटी.

ते झाल्यावर मी हट्टानं त्यांना ऑफिसात नेलं. मीच सांगितलं, वास, रबर, भोक, सगळं. व्यवस्थापकांनी पूर्ण ऐकून घेतलं, पाणी मागवलं. मग म्हणाले, “मावशी, खरं असेल. पण आत्ताच सह्या झाल्या. आणि हे नाही तर पुढच्या महिन्यात दुसरं काही निघेल. एकोणीस वर्षांचं मशीन आहे.”

तेही खरं होतं.

घरी येताना रस्त्यात मी रडायला लागले, तर भाऊजी म्हणाले, “वहिनी, पुरे. एवढं मोठं नाक नाही तुमचं, की माझी नोकरी त्यात मावेल.”

“मग तोंडानं सांगायचं ना, की रबर लावलंय!”

“सांगण्यासारखं काय होतं त्यात?”

भंगारवाला तीनदा विचारून गेला, मीच त्याला दारातून परत लावला. भाऊजी मशीनकडे बघत नाहीत. बोळातून जाताना कपडे त्याला लागू नयेत म्हणून अंग चोरून जातात, एखाद्या परक्या माणसाजवळून जावं तसे.

शाळेनं शब्द पाळला. भाऊजींना फाटकावर बसवलंय. खुर्ची दिली, पंखा दिला, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला वही दिली. मंगळवारी एजन्सीचं मशीन आलं. मी भाजी घेऊन येताना कुंपणातून बघितलं, दोन माणसं वीस मिनिटांत मैदान संपवून गेली. गवत मुळापर्यंत खरवडलेलं, मधे मधे माती उघडी पडलेली. एरवी भाऊजींनी चार दिवस जेवण सोडलं असतं.

संध्याकाळी चहा देताना मी भीत भीत विचारलं, “बघितलंत का हो, कसं कापलं ते?”

त्यांनी कप उचलला, वास घेतल्यासारखं केलं, प्यायले.

“मला कुठलं दिसतंय वहिनी,” म्हणाले. “खुर्ची रस्त्याकडे तोंड करून असते.”