मी तिला सांगितलं होतं

ही गोष्ट मी आजवर शेकडो लोकांना सांगितली आहे — माईक हातात घेऊन, पडद्यासमोर उभी राहून, मधे मधे हसत. पण खरी? खरी कुणालाच नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिची ती गोष्ट आहे तिला तर नाहीच नाही.

माझं काम काय, ते आधी सांगते. कंपन्यांमध्ये जे नव्याने मॅनेजर होतात, त्यांना मी बोलायला शिकवते. हाताखालच्या माणसाला त्याची चूक कशी सांगायची, आवाज न चढवता स्पष्ट कसं बोलायचं, असं सगळं. जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी, लोक पेंगायला लागले की मी माझ्या मैत्रिणीची गोष्ट काढते. नाव बदलून. माझी एक मैत्रीण होती, माझ्याच टीममध्ये. तिचं काम घसरलं. मी तिला वेळेवर, स्पष्ट शब्दांत सांगितलं. तिच्या ते डोक्यात शिरलं नाही, आणि तिची नोकरी गेली. पण पुढे तिनेच फोन करून माझी माफी मागितली. हॉलमध्ये एखाद्या मुलीचे डोळे भरून येतात.

त्या गोष्टीतलं शेवटचं वाक्य खरं आहे. माफी तिने मागितली होती.

तिचं नाव ग्लोरिया. आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो — चकाल्याला एक ऑफिस होतं, तिथे क्रेडिट कार्डवाल्यांच्या तक्रारी यायच्या आणि आम्ही त्यांना उत्तरं लिहायचो. ती मरोळ गावठाणातली ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचीच मूळची ख्रिश्चन, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. मी बोरिवलीची. ती तोंडाने फटकळ, मनात काही ठेवायची नाही. मी उलटी. मला कायम वाटायचं, सगळ्यांना मी आवडले पाहिजे. हा तेव्हा मला गुण वाटायचा. सगळे म्हणायचेच ना — वैशाली किती गोड बोलते!

मला टीम लीडर केलं तेव्हा बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. ग्लोरियाने घरून फुगे, त्यांच्याकडचे ते तळलेले गोल पाव, आणून सगळ्यांना वाटले. म्हणाली, "आपली वैशू बॉस झाली रे, आता मजा!"

मग तिच्या आईला पॅरालिसिसचा झटका आला. आईची वाचा गेली. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. मुलगी शेरिल तेव्हा केजीत. ग्लोरिया रात्र रात्र जागून ऑफिसला यायची आणि स्क्रीनकडे बघत बसायची. चुका व्हायला लागल्या. एका बाईने कळवलं होतं, नवरा वारला, त्याचं कार्ड बंद करा. तिला ग्लोरियाने उत्तर पाठवलं — अभिनंदन, तुमच्या कार्डाची मर्यादा वाढवली आहे. दुसऱ्या कुणासाठीचं उत्तर या बाईला गेलं होतं. त्या बाईचा फोन थेट वरपर्यंत पोचला.

आमचे मोठे साहेब, मेनन, मला केबिनमध्ये घेऊन बसले. माणूस कडक होता, पण वाईट नव्हता. म्हणाले, तिला सांग. गोलगोल नको, सरळ सांग — की असंच चाललं तर नोकरी जाईल. आईसाठी रजा हवी असेल तर मागू दे, मी देतो. पण तिला आधी कळू दे.

रजा देतो म्हणाले होते. हे मी विसरू शकत नाही.

किती सोपं होतं! एक वाक्य. एकदा मी तिला खालच्या उडप्याकडे चहाला नेलं. तिने आईला चमच्याने कसं भरवते ते सांगितलं, आणि मी म्हटलं, "जपून गं. बाकी कामाचं ठीक चाललंय." ठीक चाललंय? हे माझ्या तोंडून का निघालं? ती हसली, म्हणून. मला तिचं ते हसू घालवायचं नव्हतं — नाही, हेही अर्धंच खरं. ती हसायची थांबल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने बघेल, ती नजर मला नको होती.

दुसऱ्यांदा तर ती मला स्कूटरवरून गोरेगावला सोडत होती, आरेच्या रस्त्याने. मी मागे बसलेली. तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणजे मला बोलायला तेवढंच सोपं. रस्ता संपेपर्यंत मी मनात वाक्य जुळवत राहिले. स्टेशनपाशी उतरून म्हटलं, "थोडं लक्ष दे हं मेलकडे." ती म्हणाली, "हो गं बाई." आणि गेली.

मेनननी विचारलं तेव्हा मी म्हटलं, सांगितलं सर. पुढच्या महिन्यात म्हटलं, परत सांगितलं, ती मनावर घेत नाहीये. रजेचं विचारलं? हो सर, नको म्हणाली. ऐकताय ना तुम्ही? मी तिच्या वतीने नको म्हणाले. तिला विचारलंच नव्हतं — कारण रजेचा विषय काढला असता तर ती का देतायत तेही सांगावं लागलं असतं.

आणि तरी एवढ्यावरच थांबलं असतं तर!

त्याच दिवसांत तिच्या मावसभावाने तिच्यासाठी विमानतळावर नोकरी बघितली. घरापासून जवळ, शिफ्ट ठरलेली, आईला सांभाळता आलं असतं. ती नाचत माझ्या टेबलापाशी आली. "वैशू, जाऊ का गं? तू सांगशील तसं करते."

जा म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, का? इतकी वर्षं इथे काढल्यावर मी का जाऊ? आणि मग ते वाक्य आलंच असतं. मी म्हटलं, "वेडी आहेस का? इथे कायम आहेस तू. आणि मी आहे ना."

तिने तिकडे नको म्हणून कळवलं.

नंतर एका सकाळी तिला मीटिंग रूममध्ये बोलावलं. मेनन, एचआरची एक मुलगी, आणि मी. मेनननी सांगायला सुरुवात केली तेव्हा ग्लोरियाला आधी ती थट्टा वाटली, ती माझ्याकडे बघून हसली. मग म्हणाली, "पण सर, मला कोणी काही बोललंच नाही." मेनन माझ्याकडे वळले. "वैशाली, तू बोलली होतीस ना हिच्याशी?"

मी म्हटलं, "हो सर. दोन-तीनदा."

ग्लोरिया — फटकळ ग्लोरिया — नुसती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. आपण घरात चष्मा कुठे ठेवला ते आठवायला बघतो ना, तशी.

हा गुन्हा, असं तुम्हाला वाटेल. नाही. तो पुढे आहे.

आठवड्याभराने तिचा फोन आला. मी शिव्या खायची तयारी केली होती. खरं सांगते, मला त्या हव्या होत्या. पण तिचा आवाज अगदी लहान. म्हणाली, "वैशू, एक विचारू? तू खरंच सांगितलं होतंस का गं? मी सगळं आठवून बघते, पण मला काहीच आठवत नाही. आईच्या गडबडीत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं ना... मलाच कळलं नाही का?"

ती मला दार उघडून देत होती. शेजारी कोणी नव्हतं. मेनन नव्हते, नोकरीचा प्रश्न नव्हता. तिची नोकरी गेली ती गेलीच होती. खरं बोलले असते तर माझं काय जाणार होतं? एक मैत्रीण. तेवढंच. आणि तिला तिचं डोकं परत मिळालं असतं.

मी म्हटलं, "हो गं. सांगितलं होतं. तू टेन्शनमध्ये होतीस."

ती म्हणाली, "सॉरी हं. सगळ्यांसमोर तुला खोटं पाडलं मी."

आणि मी म्हटलं, "जाऊ दे गं."

त्यानंतर ती एका शाळेच्या ऑफिसात लागली. तिथे कोणी काही सांगितलं की ही परत जाऊन विचारायची — मला बरोबर कळलं ना? तुम्ही हेच म्हणालात ना? लोक वैतागले. तिने ती नोकरी सोडली. आणखी एक धरली, तीही सोडली. एकदा मला म्हणाली, "मला माणसांचं बोलणं कळत नाही गं. काहीतरी सुटतं." मग ती घरीच राहिली. आई गेली, नवरा बोट सोडून परत आला, ती घरीच. पूर्वी भाजीवाल्याशी तावातावाने भांडणारी बाई, आता किती झाले ते शेरिलला विचारून घेते. आणि मी? मी मॅनेजर झाले, मग ट्रेनर. शब्दांवर माझं पोट भरतं.

यंदा शेरिलला पहिली नोकरी लागली. ग्लोरियाने मला घरी बोलावलं, पोरीला चार शब्द सांग म्हणाली. मी गेले. का गेले? न जाण्याचं कारण सांगावं लागलं असतं. कोकमाचं सरबत समोर ठेवून ग्लोरिया मुलीला म्हणाली, "ही तुझी वैशूमावशी. हिने मला वेळेवर सगळं सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. तू साहेब लोकांचं नीट ऐकत जा हं."

शेरिल हुशार आहे. तिने सरळ माझ्याकडे बघितलं. "मावशी, मम्माला तुम्ही नक्की काय म्हणाला होता?"

आणि मी सांगितलं. कुठे बसलो होतो, मी कशी सुरुवात केली, चुका कोणत्या दाखवल्या, रजेचं कसं विचारलं, नोकरी जाईल हे किती मायेने सांगितलं — एकदाही न अडखळता. इतक्या वर्षांच्या सरावाने ते बोलणं फार सुरेख झालं आहे.

ग्लोरिया शेजारी बसून मान डोलवत होती. मधेच म्हणाली, "हो, आत्ता आठवलं मला."