मी न मारलेली हाक

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. हे लिहून झाल्यावरही तो बसेल असं वाटत नाही. या सदरातले अनुभव वाचताना मी नेहमी मनात म्हणते — अंधार असेल, झोप झाली नसेल, ताप असेल. माझ्या बाबतीत अंधार नव्हता. सोलापुरातली मे महिन्यातली भर दुपार होती. थोडा ताप होता, हे खरं... पण मला स्वतःला काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. जे ऐकू आलं ते दुसऱ्याच बाईला. म्हणून तर इतक्या वर्षांत मला ते खोडून काढता आलेलं नाही.

साल १९७४. आमचं गाव माळशिरस तालुक्यात. मी लहान असताना वडील धार काढत होते आणि मी रेडकाला ओढत होते, तेव्हा म्हशीची लाथ सरळ माझ्या हनुवटीवर बसली. गावातल्या हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याने फडक्याने हनुवटी डोक्याला आवळून बांधली. जबडा जुळला, पण वाकडा जुळला. वरचे दात एकीकडे, खालचे दुसरीकडे. भाकरी चावता यायची नाही, कालवणात भिजवून गिळायची. आणि ओठ नीट मिटत नसत, त्यामुळे प, ब, म ही अक्षरं तोंडातून सांडूनच जायची. मी 'मावशी' म्हटलं की लोकांना 'आवशी' ऐकू यायचं. शाळेत माझं नाव शालन होतं ते फक्त हजेरीपुरतं. एरवी मी 'वाकडी'.

मॅट्रिकला मार्क चांगले पडले. मला मास्तरीण व्हायचं होतं. आमचे हेडमास्तर माणूस चांगला, पण त्यांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "पोरीची हुशारी दिसतीय हो, पण पोरांना तिचं बोलणं कळायला नको का?" मी दाराआड उभी होते. त्यानंतर वडील दोनतीनदा एस.टी.ने सोलापूरला जाऊन आले आणि एका मोठ्या दवाखान्यात जबड्याचं ऑपरेशन करणारे डॉक्टर आहेत हे शोधून काढलं. दवाखान्याचं आणि डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही.

डॉक्टर म्हणाले, "चुकीचा जुळलाय तिथे पुन्हा मोडायचा आणि सरळ बसवायचा."

सोलापूरची माझी मावशी बरोबर आली होती, ती तिथेच म्हणाली, "अगं बया! जुळलेलं हाड मोडायचं?"

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी 'हो'च म्हटलं असतं.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. डोळे उघडले तर चेहरा भोपळ्याएवढा, आणि तोंड बंद. नुसतं बंद नाही, शिवल्यासारखं बंद. वरच्या आणि खालच्या दातांवर आडव्या पट्ट्या बसवलेल्या आणि त्या एकमेकींना उभ्या तारांनी आवळलेल्या. दीडेक महिना असंच राहायचं होतं. जांभई आली की जीव जायचा. शिंक यायला लागली की मी दोन्ही हातांनी गादी धरायची. शेवटच्या दाढेमागे जी फट होती, तिथून रबरी नळीने दूध, ताक, डाळीचं पाणी. निम्मं पोटात, निम्मं मानेवर. आणि बघायला येणारा प्रत्येक जण माझ्याशी ओरडून बोलायचा, जणू मी बहिरीच झाले होते! "बरं हाय का गं आता?" मान हलवायची, बस.

वडिलांनी एक पाटी आणून दिली होती, त्यावर लिहायचं म्हणून. पण ते शेताच्या कामाला गावी परत गेले, आईला तर घर सोडून येताच आलं नव्हतं, आणि मला दवाखान्यातून सोडलं ते मावशीच्या घरी. मावशीला वाचता येत नव्हतं. मी पाटीवर 'पाणी' लिहून दाखवायची आणि ती बिचारी पाटीकडे बघून म्हणायची, "लई सुरेख अक्षर हाय तुजं." हसताही येत नव्हतं मला. रडायलासुद्धा तोंड लागतं हे मला तेव्हा कळलं.

मावशीचं घर साखर पेठेच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या. काका गिरणीत कामाला. भिंतीला लागून पावरलूमचा कारखाना — सकाळपासून मागांची खडखड चालू, भांडी फळीवर थरथरायची. त्या गल्लीत कुणी कुणाला हाक मारत नसे, हात धरून हलवायचे किंवा समोर येऊन बोलायचे. कारखान्याच्या पलीकडच्या घरात नरसक्का राहायची. पद्मशाली घरातली, तेलुगू बोलणारी, चाळिशी उलटलेली बाई. मांडीवर सूप घेऊन सुनेबरोबर दिवसभर विड्या वळायची. मावशीची आणि तिची फार जवळीक. मी त्या गल्लीत आले तीच तोंड बांधलेली, त्यामुळे नरसक्काने माझा आवाज कधी ऐकलेला नव्हता.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी मावशीच्या हातात तारा तोडायची एक छोटी पक्कड दिली होती. म्हणाले, "ही कायम हिच्या उशाशी पाहिजे. उलटी झाली तर कुणाची वाट बघायची नाही. या उभ्या तारा तोडायच्या आणि हिला पुढे वाकवायचं. नाहीतर श्वास कोंडेल." मावशीने पक्कड दोरीने खाटेजवळच्या खिळ्याला टांगली आणि नरसक्कालाही बोलावून माझा ओठ वर करून दाखवलं. मी त्या दोघींच्या मध्ये, बाजारातल्या शेळीसारखी दात दाखवत बसलेली.

"उभ्या तोडायच्या बरं का अक्का. आडव्या न्हाईत."

"समजलं की," नरसक्का म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावला. हाताला तंबाखूचा वास होता.

त्या दुपारी मावशी काकांचा डबा द्यायला गिरणीच्या फाटकावर गेली होती. जाताना मला नळीने दूध देऊन गेली. उन्हाळ्याचे दिवस, दूध नासायला लागलेलं असावं, तिला वास लागला नाही आणि मला सांगता आलं नाही. ती गेल्यावर थोड्याच वेळात पोटात ढवळायला लागलं. मी उठून बसले. डॉक्टरांचे शब्द आठवले... मग उलटी आलीच.

ते कसं सांगू? तोंडात येतं आणि बाहेर जायला वाट नाही. थोडं दातांच्या फटींतून आलं, थोडं नाकातून. बाकीच्या गुठळ्या घशाशी अडकल्या. श्वास घ्यायला गेले की त्या आत ओढल्या जायच्या. पक्कड हाताला लागली. मी ती ओठांत घातली, पण आरशाशिवाय काय दिसणार? ती तारेवरून घसरली आणि ओठात घुसली. दुसऱ्यांदा हातातून पडली. मी खाटेवरून खाली सरकले. दाराकडे रांगायला लागले आणि मध्येच आडवी झाले. पलीकडे माग चालूच होते, खडखड, खडखड. मी मेले असते तरी त्या आवाजात कुणाला पत्ता लागला नसता.

आणि एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढे तिला महत्त्व आहे. त्या वेळी मी मनातल्या मनात हाक मारत होते ती आईला. फक्त आईला. नरसक्का माझ्या मनातसुद्धा नव्हती.

दार ढकललं गेलं. नरसक्का धावतच आत आली. तिने खाली पडलेली पक्कड उचलली, माझं डोकं आपल्या गुडघ्यावर घेतलं, ओठ बाजूला केला आणि तारा तोडायला लागली. कट... कट... दातांतून मेंदूपर्यंत जाणवायचं. मग तिने मला पालथं केलं आणि सगळं बाहेर पडलं. पहिला श्वास आत गेला तेव्हा तो भाजल्यासारखा लागला.

ती माझी पाठ चोळत म्हणाली, "हाक मारली ते बरं केलीस."

मी मान हलवली — नाही.

"मारलीस की! 'नरसक्का, लवकर या' म्हणून. दोनदा."

मी पुन्हा मान हलवली. तोवर मावशी आली. माझा रक्ताचा ओठ आणि जमिनीवरची घाण बघून तिने आधी हंबरडा फोडला, मग सगळं ऐकून घेतलं. आणि म्हणाली, "अक्का, ती कशी बोलंल? तोंड बांधलेलं की तिचं!"

नरसक्का हातातल्या तुटक्या तारेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पोरीचा आवाज होता. लई साफ. माझ्या कानाशी."

तिची सून शेजारीच विड्या वळत बसली होती. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय ऐकू आलं न्हाई. नुसता मागांचा आवाज. आत्याबाई एकदम सूप टाकून पळाल्या." एवढी वर्षं विड्या वळणारी बाई तंबाखू सांडून पळाली, हेच तिला नवल वाटत होतं.

मला पुन्हा दवाखान्यात नेलं, पुन्हा तारा आवळल्या. त्या वेळी फक्त सुई देऊन केलं, आणि त्याबद्दल मी लिहिणार नाही. डॉक्टरांना मावशीने हाकेचं सांगितलं. ते म्हणाले, "घशातून काहीतरी आवाज निघाला असेल. घाबरलेल्या माणसाला त्यात शब्द ऐकू येतात." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. घशातला घरघराट भिंतीपलीकडे, कारखान्याच्याही पलीकडे कसा गेला, हे मी त्यांना विचारू शकत नव्हते. तोंड परत बांधलेलं होतं ना.

शेवटी तारा काढल्या. मला वाटलं होतं की तोंड उघडेल आणि मी बोलायला लागेन. तसं काही नसतं. जबडा गंजलेल्या कडीसारखा आखडलेला, दोन दातांत बोटसुद्धा जाईना. दातांमध्ये लाकडी चपट्या सरकवून रोज थोडं थोडं उघडायचं, डोळ्यांतून पाणी काढत. आवाज बसका, गोधडीखालून आल्यासारखा.

नरसक्का मुद्दाम आली. समोर बसली. "माझं नाव घे," म्हणाली.

मी जोर लावून म्हटलं, "न...सक्का."

ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने मान हलवली. "हा न्हाई तो आवाज."

मावशी म्हणाली, "मग भासच झाला की तुमाला."

"असंल," नरसक्का म्हणाली. पण तिला ते पटलेलं नव्हतं, हे दिसत होतं.

मी गावी गेले. चपट्यांची जाडी वाढवत गेले. मोठ्याने वाचत बसायची, म्हशींना, भिंतीला, कुणालाही. आधी प आला, मग ब. म सगळ्यात शेवटी आला. एक दिवस आई चुलीपाशी होती, मी तिला ओसरीवरून हाक मारली तर ती कोण आलं म्हणून बाहेर बघायला आली. माझा आवाज तिलाही ओळखू आला नव्हता.

थंडीत डॉक्टरांना दाखवायला पुन्हा सोलापूरला गेले. मावशीने ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली आणि मी ती चावून खाल्ली. मावशी बघत बसली होती, डोळे पुसत. जेवण झाल्यावर वाटलं, नरसक्काला भेटून येऊ. त्या वेळी लाईट गेली होती, माग बंद होते. ती गल्ली एवढी शांत मी पहिल्यांदाच बघत होते. मी तिच्या दाराबाहेर उभी राहिले आणि हाक मारली, "नरसक्का!"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती दारात आली. पदराला, हाताला तंबाखू लागलेला. चेहरा असा पडलेला की मला वाटलं, घरात काही वाईट झालंय. मी म्हटलं, "अक्का, मी शालन. ओळखलं नाही का?"

ती जवळ आली नाही. उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

"हीच," म्हणाली. "हीच हाक होती."

मग तिने हात पुढे केला, माझ्या गळ्याला दोन बोटं लावली, जसं तापलेलं भांडं बघतात तशी... आणि काढून घेतली.

"तवा तुज्याकडं हा आवाज न्हवताच की पोरी," ती म्हणाली. "मग तू कुठनं बोलवलीस?"

पुढे डी.एड. झालं, नोकरी लागली, आयुष्यभर त्याच आवाजात मी वर्गातल्या मुलांना हाका मारल्या. कुणी म्हणतं भास, कुणी योगायोग, एका शिक्षक मित्राने काळाबद्दल बरंच काही समजावलं, ते मला समजलं नाही. नरसक्काला भास झाला असेल तर असो, पण त्या भासामागे ती धावत आली आणि म्हणून मी आज हे लिहिते आहे. ते कुठे बसवायचं?

ती होती तोवर मी सोलापूरला गेले की तिला भेटायची. पण दारातून हाक मात्र पुन्हा कधी मारली नाही. चप्पल काढून आत जायची आणि हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवायची. तीही मान वर न करता म्हणायची, "आलीस? बस." दोघींनाही तेच बरं वाटायचं.