काळ्या मातीचे पट्टे

अळणावरपलीकडच्या रानात करेव्वाच्या देवराईभोवती मातीचा जुना बांध आहे. कुण्या राजाचा तट म्हणतात. बाहेरून खंदकही आहे, आता झाडांनी भरलेला. गावातल्या प्रत्येक सुनेचा त्या बांधावर एक तुकडा. मातीच्या बैलांच्या अमावास्येला माहेरची माती पाटीत घेऊन तिनं त्यावर घालायची, म्हणजे देवी माहेर-सासर दोन्ही राखते.

सोनाबाईचं माहेर खानापूरकडचं, तांबड्या मातीचं. आई गेली आणि तिकडून बोलावणंच थांबलं. धाकट्या जावेचा, रेखाचा भाऊ मात्र नवलगुंदाहून काळ्याभोर मातीचं पोतं मोटरसायकलला बांधून दरवर्षी हजर. बहिणीच्या डोक्यावर पाटी चढवून द्यायचा, पुरणाची होळिगे खाऊन जायचा. ते बघून सोनाबाईच्या जिवाची लाही व्हायची. बायका घराकडे वळल्या की ती म्हणायची, "तुम्ही व्हा पुढं, मी दिव्यात तेल घालून येते." आणि रेखाच्या ढिगातली माती ओच्यात भरून आपल्या तुकड्यावर ओतायची. माती मातीत मिळाली की संपलं, असं तिनं धरलं होतं.

यंदा अमावास्येआधी धारवाडच्या हेमावती मॅडम आल्या. बांध किती जुना ते बघायला एक तुकडा उभा कापायचा, मग पुन्हा बुजवून द्यायचा. पुजाऱ्यानं कौल लावला, देवीनं उजवा दिला. मॅडमनी दोरी बांधली ती रेखाच्या तुकड्यावर.

सोनाबाईला राहवेना. "थोरली मी. देवीच्या दारातपण हिलाच मान?"

"तुमचा घेऊ की, अक्का. मला कुठलाही चालतो," मॅडम म्हणाल्या. दोरी सोनाबाईच्या तुकड्यावर आली. तिनं दोरीला हळदीकुंकू लावलं आणि रेखाकडं मान वळवून बघितलं.

दुपारपर्यंत बांध पोटापर्यंत उघडा झाला. खाली सगळा तांबडा, आणि वरच्या अंगाला काळे पट्टे, एकावर एक, पातळ भाकरीसारखे.

"ही माती इकडची नव्हे," मॅडम म्हणाल्या. "कुणी आणली?"

सगळ्या बायका सोनाबाईकडं बघू लागल्या. रेखा वाकून काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवत होती.

"मीच घालत होते, मॅडम. अक्कांची कंबर धरते ना. त्यांच्या वाटचीपण मीच."

परतताना पायवाटेवर दोघीच होत्या.

"मला वाटायचं, माझी माती घुशी नेतात," रेखा हळूच म्हणाली.

तिनं चारचौघींत भांडण काढलं असतं तर सोनाबाईला बरं वाटलं असतं. आता मोठेपणाही हिनंच घेतला. गाव दिसू लागलं तेव्हा ती म्हणाली, "औंदा तुझा भाऊ आला की पोतं आधी माझ्या दारात उतरव म्हणावं."

"आधी तुमच्या?"

"थोरली मी."

रेखा पदर तोंडाला लावून हसली. हसणंसुद्धा किती गोड मेलीचं, असं सोनाबाईच्या मनात आलं, आणि ती भराभर पुढं चालू लागली.