प्रवेश नाकारला

नवेगाव बांधच्या घरी बसून मी चोऱ्या करतो आणि त्याचा पगार घेतो. प्रोसेसर कारखान्यात जाण्याआधी त्याचा आराखडा संगणकावर चालवायचा आणि त्याच्या मेमरीतल्या बंद कप्प्यांत काही लिहून यायचा प्रयत्न करायचा. आराखड्यानं बोंब मारून मला बाहेरच अडवलं पाहिजे. तीन आठवडे नाना वाटांनी घुसून पाहिलं. दर वेळी पडद्यावर आलं, ‘प्रवेश नाकारला’. सगळं पक्कं आहे, असं मी बंगळुरूच्या ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठ मॅडमना ऐटीत लिहून दिलं. त्याच संध्याकाळी पाचला आराखडा कायमचा बंद होणार होता. नंतर निघालेली चूक प्रत्येक चिपमध्ये जाणार.

दुपारी जेवताना वडिलांपुढे फुशारकी मारली. त्यांची सारी नोकरी जंगलाच्या पहाऱ्यावर गेली.

“चोर आला का ते बोंबलते, एवढंच ना?”

“हो. मंग चोर थांबते.”

“थांबला हे कोनी पायलं?”

“बोंबललं मंजे थांबलाच ना, बाबा.”

“कायले? आमी वाटेवर बारीक माती झाडून ठेवत होतो. एकदा हद्दीवर समद्यायनं डबे वाजवले. वाटलं, गेला वाघ माघारी. माती पायली त ठसे आतल्या बाजूले. आमी ओरडून राहिलो होतो, आन् तो आमच्या मधातून गेला.” त्यांनी भात कालवला. “तू माती पायली का?”

मी पाहिली नव्हती. बोंब ऐकली की माझी चाचणी खूश होऊन घरी जायची. कप्प्यात नंतर काय आहे, हे तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

खरकट्या हातानंच चाचणीत एक ओळ वाढवली: नकार आल्यावर कप्पा वाच. पहिला कप्पा रिकामा. दुसराही. मग दोन कप्प्यांच्या सीमेवरून घुसलो होतो, ती जागा आली. प्रवेश नाकारला. खाली आकडा उमटला, माझी जन्मतारीख. चोरी करताना आत ठेवायला मीच गमतीनं निवडलेली. पुढच्या सीमेवरही तीच. तीन आठवडे मी आत बसून होतो, आणि मलाच पत्ता नव्हता. भर दुपारी मी मागं वळून पाहिलं, हे सांगायला लाज वाटते.

बंगळुरूला मॅडमना फोन लावला. “माझा होकार परत घेतो.”

“नकार तर येत होता ना?”

“येत होता. आणि मी आत होतो.”

त्यांनी चाचणीचा निकाल मागवून पाहिला. मग म्हणाल्या, “थांबवते आराखडा. उद्या सगळ्यांसमोर तूच सांगशील.”

फोन ठेवला तरी चाचणी चालूच होती. आराखडा नाकारत होता, नाकारत होता, आणि एकेका सीमेवर मी चाचणीला आत सापडत होतो.