भावाच्या नावाचं मत

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, पण एक प्रकरण निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. सगळा गुन्हा एका मताचा होता.

तेव्हा मी नालासोपारा पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. विधानसभेची निवडणूक नुकतीच पार पडली होती आणि बंदोबस्ताला उभं राहून सगळ्यांचे पाय सुजले होते. बोगस मतदानाची चर्चा आचोळ्यापासून विरारपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर चालू होती. ‘काही हाती लागलं का?’ म्हणून वरून रोज फोन. अशात टपालानं एक निनावी पत्र आलं. आचोळ्यातल्या एका चाळीतला माणूस दीड वर्षापासून ठाण्याच्या तुरुंगात आहे, तरी त्याचं मत पडलं आहे, एवढंच त्यात लिहिलं होतं. निनावी पत्र बहुतेक वेळा शेजारीच लिहितो, आणि शेजाऱ्याची माहिती सहसा खरी निघते.

तो कैदी माझ्या चांगल्याच ओळखीचा होता, कारण त्याला मीच आत घातलं होतं. चाळीत पाण्याच्या टँकरवरून मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. आम्ही पाच जणांना उचललं. चौघं जामिनावर सुटले. साक्षीदारानं याच्याकडे बोट दाखवलं, म्हणून हा एकटाच आत राहिला. खटला अजून उभाही राहिला नव्हता.

कायदा याबाबतीत सरळ आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेतला माणूस सोडला, तर तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्या कुणालाही मत देता येत नाही. शिक्षा झालेली असो वा नसो.

मला वाटलं, मोठी टोळी सापडणार. निवडणूक कार्यालयातून खुणा केलेली मतदार यादी मागवली. कैद्याच्या नावावर खूण होती. मग न्यायालयाच्या परवानगीनं मतदारांच्या सह्यांची नोंदवही पाहिली. अटकेच्या कागदावर कैद्याची सही वेडीवाकडी होती. नोंदवहीतली मात्र एकदम वळणदार.

आमचे हवालदार जुने आणि तिरकस. चष्मा वर करून म्हणाले, “साहेब, ही सही शाळेत पहिला नंबर काढणाऱ्यानं केलीय.”

दोन दिवसांनी तेच हवालदार एक अर्ज घेऊन आले. चारित्र्य पडताळणीचा होता. एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून निवड झालेल्या तरुणाचा. आडनाव तेच, चाळ तीच, अक्षरही तेच. तो कैद्याचा धाकटा भाऊ होता.

त्याला बोलावलं. आवाज चढवायची वेळच आली नाही. नोंदवहीची प्रत समोर ठेवली तसा तो म्हणाला, “मीच केली सही.”

“किती मतं टाकलीस?”

“एकच. दादाचं कार्ड दाखवून.”

“आणि तुझं स्वतःचं?”

“माझं नाय टाकलं. शाई लागल्यावर दुसरं कसं टाकनार, साहेब?”

मी यादी पुन्हा काढली. धाकट्याचं नाव थोरल्याच्या खालीच होतं, आणि त्यावर खूण नव्हती. इतके दिवस ती यादी माझ्या टेबलावर होती, पण एक ओळ खाली बघायचं मला सुचलं नव्हतं.

“असं का केलंस?”

“जेलात मुलाखतीला गेलो तेव्हा दादा बोलला, या टायमाला माझं मत गेलं. मतदानाला चाळ तोच बाहेर काढायचा. पान्याच्या लाइनीसाठी दारोदार फिरून सह्या त्यानंच घेतल्या. मला वाटलं, माझं राहू दे, त्याचं पडू दे.”

“कुणाला दिलंस?”

“ते नाय सांगनार. पन दादानं सांगितलं त्यालाच दिलं. मला तो मानूस पसंत नाय.”

हवालदार नाक शिंकरायच्या निमित्तानं बाहेर गेले. परत आल्यावर हळूच म्हणाले, “टोळी शोधायला निघालो आणि भाऊ सापडला. जाऊ द्या ना, साहेब.”

मी जाऊ दिलं नाही. वरिष्ठांनी निर्णय माझ्यावर सोडला होता, त्यामुळे तिकडे बोट दाखवायची सोय नाही. निवडणुकीनंतर आमच्या पोलीस ठाण्याच्या नावावर एक तरी गुन्हा दिसायला हवा होता. तोतयेगिरी आणि बनावट सही, अशी नोंद झाली. धाकट्याला लगेच जामीन मिळाला. जाताना तो एवढंच म्हणाला, “साहेब, नोकरीचा कागद तुमच्याकडंच हाय.” त्या कागदावर मी ‘गुन्हा दाखल’ असं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात बरीच जागा होती. यानं स्वतःचं मत टाकलं नाही, हे तिथे लिहिता आलं असतं. मी जागा कोरी ठेवली. नोकरी गेली.

पुढे थोरला निर्दोष सुटला. निकालाची प्रत घेऊन तो ठाण्यात आला. मला वाटलं, भांडायला आला. पण तो हात जोडून म्हणाला, “माझ्यावरचा डाग गेला, आता त्याच्यावरचा काढा. गुन्हा माझ्या नावावर लिवा. मत माझंच होतं ना?”

असं लिहायला कलम नाही, हे मी त्याला सांगितलं. खरंच नाही.

कैद्यांना मत कशाला, असं लोक मला विचारतात. मीही तीस वर्षं तेच म्हणत होतो. आता म्हणवत नाही. गुन्हा कबूल केलेला धाकटा जामिनावर होता, म्हणून तो मतदार. ज्याच्यावर काहीच शाबीत झालं नव्हतं तो थोरला आत होता, म्हणून त्याला मत नाही. तुरुंगात बसून उमेदवारी अर्ज भरता येतो, मत मात्र देता येत नाही. शिक्षा झालेल्यांचं काय करायचं त्यावर वाद होऊ दे. पण ज्याचा खटलाच चालला नाही, त्याचं मत आपण कशाच्या जोरावर काढून घेतो? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि मीच पकडलेल्या किती जणांचं मत असं गेलं, हे मोजायची हिंमत होत नाही.

गेल्या निवडणुकीत मतदान करून शाळेबाहेर आलो, तर थोरला समोर. केस पिकले होते. मी धाकट्याची चौकशी केली. एका दुकानात कामाला आहे म्हणाला.

“मतदानाला आला नाही?”

“येतो दर वेळेला गेटपर्यंत. आत पोलीस बघितला की मागं फिरतो.”

मला राहवलं नाही. म्हणालो, “जा, घेऊन ये त्याला. मी स्वतः त्याच्यासोबत रांगेत उभा राहतो.”

थोरला कसनुसा हसला. “नको, साहेब. तुमाला बघून तर तो गेटपर्यंत पन येनार नाय.”