डावी बाजू

“डावी बाजू बसलीय,” तो म्हणाला आणि माझं डोकं सटकलं.

बसली होती म्हणे स्पीकरची डावी बाजू. दोनपैकी डावीकडचा स्पीकर दबका वाजतोय, असं त्याचं म्हणणं. ॲम्प्लिफायर माझ्या हातचा होता. रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात, मी जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बनवायला बसलो. ट्रान्सफॉर्मर मापाने गुंडाळून घेतला, सोल्डरचा एकेक डाग भिंगातून बघून दिला, शॉक खाल्ले, बायकोची बोलणी त्याहून जास्त खाल्ली. तयार झाल्यावर ह्याच माणसाने डोळे मिटून तो ऐकला आणि “बरा आहे” म्हणाला. त्याच्या तोंडून ‘बरा आहे’ निघणं किती दुर्मीळ, ते आम्हालाच माहीत. आणि आता म्हणे डावी बाजू बसलीय.

“वायर ढिली असेल,” मी म्हणालो.

“वायर ढिली असली तर खरखर येते. हे तसं नाही. तबला मागे गेलाय.”

आमच्याकडच्या बऱ्याचशा रेकॉर्डिंगमध्ये तबला डावीकडे, सारंगी उजवीकडे आणि गाणारा मधोमध असतो. त्याच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. मधली त्याची, कारण दोन्ही स्पीकर तिथेच बरोबर जुळतात. आम्ही दोघं कडेला. मधल्या खुर्चीत कोणी चुकून बसलं तर तो काही बोलायचा नाही, नुसता असा उभा राहायचा, की बसणाऱ्याने उठलंच पाहिजे.

आम्ही तिघं. तो आणि मी एकाच पेपर मिलमध्ये नोकरीला होतो. दोघांचेही वडील महाराष्ट्रातून त्या मिलसाठी इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. रिटायर झाल्यावर दोघांनी बऱ्हाणपूरला घरं केली, त्याचं सिंधीपुऱ्यात. तिसरा शाहपूरचा केळीवाला. वयाने आमच्यापेक्षा लहान, गाण्यातलं फारसं कळत नाही, पण गाड्यांचं वेड भयंकर. एकदा त्याची पिकअप गल्लीच्या तोंडाशी बंद पडली होती. ह्याने खिडकीतून नुसता स्टार्टरचा आवाज ऐकला आणि वरूनच काय बिघडलंय ते ओरडून सांगितलं. तेव्हापासून केळीवाला आमच्यात आला तो आलाच. येताना मावा जिलबी आणायचा, म्हणून मीही कधी हरकत घेतली नाही.

बसायचो शुक्रवारी सकाळी. रविवार का नाही, असं बाहेरचे लोक विचारतात. त्या गल्लीत सगळे पावरलूम आहेत आणि त्याच्या डाव्या खिडकीला लागूनच एक शेड आहे. आठवडाभर खडखडाट असतो, शुक्रवारी लूम बंद. त्या एका सकाळी तानपुरा ऐकू येतो. एरवी लूम चालू झाले की तो तरातरा उठून खिडकी आपटायचा आणि विणकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, अर्थात खिडकी बंद झाल्यावर, हळू आवाजात. संध्याकाळी त्याच विणकरांबरोबर चहा प्यायचा.

त्याच्या कानाला आम्ही तिघंही मानत होतो, तो स्वतः धरून. मी त्याला कानसेन म्हणून चिडवायचो आणि त्याला ते आवडायचं, हे लपवणं त्याला जमायचं नाही. जुनी पेट्रोल गाडी होती त्याची, मिलच्या दिवसांतली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि दुसऱ्या हाताने ॲक्सिलरेटरची तार ओढायचा. उजवा हात तारेवर, म्हणून कान नेहमी डावा. तोच चेहरा तो तोडी ऐकताना करायचा. तोडीचा गंधार इतका उतरलेला असतो की बरेच गाणारे तिथे थोडे चढेच राहतात, असं तो म्हणायचा. मला तो फरक कधी ऐकू यायचा, कधी येतोय असं मी दाखवायचो.

गप्पा म्हणजे काय, ह्याच. कोणत्या गाडीचं सस्पेन्शन भिकार, मोबाईलवरचं गाणं शिळं का लागतं, कोणत्या बाईंनी कोणत्या वयात विलंबित कमी केलं. त्या वर्षी केळीवाल्याने मुलाच्या हट्टाने विजेवरची गाडी घेतली होती आणि शुक्रवारचे शुक्रवार आम्ही तीच ऐकत होतो.

“आवाजच नाही भाऊ! चालू आहे का बंद, समजतच नाही,” तो सांगायचा.

“मग बिघडली तर कळणार कसं?” आमचा कानसेन.

“मोबाईलवर मेसेज येतो ना. मतलब, गाडी स्वतःच सांगू राहिली, की मला अमुक झालंय.”

“गाडी सांगणार! आपण मग कान कशाला ठेवायचे, चष्म्याच्या काड्यांसाठी?”

हसलो होतो आम्ही. आता ते हसू आठवलं तरी नकोसं होतं.

तर डावी बाजू. असा दोष शोधायची एक सोपी रीत असते. डाव्याची वायर उजवीकडे लावायची, उजव्याची डावीकडे, आणि दोष जागा बदलतो का ते बघायचं. दहा मिनिटांचं काम. पण तो वायरींना हातच लावू देईना.

“तबला उजवीकडे जाईल. मला नाही ऐकवत तसं.”

“दहा मिनिटांसाठी रे!”

“उलटसुलट चपला घालून चालशील का तू, दहा मिनिटं?”

ह्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी ॲम्प्लिफायर उचलून घरी आणला, डावीकडचे कंडेन्सर बदलले. पुढच्या शुक्रवारी तो म्हणाला, अजून तसंच. मी व्हॉल्व्ह बदलले. तसंच. डाग सगळे पुन्हा दिले, मीटर लावून तासन् तास बसलो. मीटर म्हणायचा दोन्ही बाजू सारख्या. मी मीटरला खोटं ठरवलं. खरं सांगायचं तर दोन-तीन शुक्रवारांनंतर मलाही डावी बाजू बसलेली ऐकू यायला लागली. शपथेवर सांगितलं असतं मी. ज्या काट्यावर सगळं तोलायचं तो काटाच तपासून बघावा, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

“मला तर दोन्ही सारखेच वाजू राहिले,” केळीवाला जिलबी खात म्हणाला. “पण आपल्याला काय समजतं त्यातलं!”

“बरोबर, तुला नाही समजत,” मी म्हणालो.

शेवटी एका शुक्रवारी माझा संयम संपला. ॲम्प्लिफायर तिसऱ्यांदा घरून उचलून आणला होता, जिना चढून कंबर धरली होती, आणि तो दोन मिनिटं ऐकून मान हलवतो, नाही म्हणून.

“वायरी बदलू देत नाहीस ना? ठीक आहे,” मी म्हणालो. “तू फीर. खुर्ची उलटी कर आणि स्पीकरकडे पाठ करून बस. माझी डावी बाजू बसली असेल, तर ती आता तुझ्या उजवीकडे येईल. ऐक आणि सांग, आणि एकदाचा संपव हा विषय.”

कुरकुर करत त्याने खुर्ची फिरवली. समोर नुसती भिंत आणि कॅलेंडर. तोडीचं विलंबित चालू होतं. तो ऐकत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

“तबला आला,” तो म्हणाला. “स्पष्ट आला. छान आला रे.”

“मग? बसली कुठाय माझी डावी बाजू?”

तो पुढे ऐकत होता. उजळलेला चेहरा तसाच थांबला.

“आता सारंगी मागे गेली,” तो म्हणाला.

सारंगी उजव्या स्पीकरमध्ये होती. उजवा स्पीकर आता त्याच्या डाव्या हाताला होता. हे तिघांनाही एकदमच कळलं असणार, केळीवाल्यालासुद्धा, कारण त्याने जिलबीचा हात खाली आणला. तिकडे गाणाऱ्या बाई आपल्या सावकाश गंधाराकडे निघाल्या होत्या. त्याने बोट उजव्या कानात घातलं. थोडा वेळ तसाच बसला. मग ते काढून डाव्या कानात घातलं.

“तुझ्या ॲम्प्लिफायरला काही झालेलं नाही,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “चांगला आहे तुझा ॲम्प्लिफायर.”

चांगला! दोन महिने मी ह्याच वाक्यासाठी जीव काढत होतो. ते मिळालं आणि मला रडू फुटेल की काय असं झालं. मी उठून बटण बंद केलं, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

त्याला इंदूरला नेलं, केळीवाल्याच्या त्याच बिनआवाजाच्या गाडीतून. कानाच्या डॉक्टरने त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. डाव्या कानाची नस कमजोर होत चाललीय, ती परत यायची नाही, कारण सांगता येत नाही, ह्या वयात होतं. उजवा कान सध्या ठीक आहे, पण त्याच्यावर लक्ष ठेवा. मशीन लावलं तर आवाज मोठा येईल.

“आणि सूर?” त्याने विचारलं.

डॉक्टर भला माणूस होता, पण त्याला प्रश्न कळला नाही. “बोलणं स्पष्ट ऐकू येईल,” तो म्हणाला.

परत येताना त्याने सांगितलं. नुसतं कमी ऐकू येणं असतं तर चाललं असतं. डाव्या कानात प्रत्येक सूर थोडा चढा येतो. उजव्यात सा एक, डाव्यात दुसरा. तानपुरा वाजायला लागला की दोन तानपुरे वाजतात आणि एकमेकांशी लागत नाहीत. तोडीचा गंधार तर डाव्या कानात तोडीचा राहतच नाही. जन्मभर ज्यांना डोक्यावर घेतलं, ते सगळे आता त्याला बेसूर लागत होते.

“गाडीचं बिघडलं की मेसेज येतो,” केळीवाला स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला. “माणसाला यायला पाहिजे होता ना, भाऊ.”

“आला होता,” मागच्या सीटवरून तो म्हणाला. “मीच तो ह्याच्या ॲम्प्लिफायरवर ढकलला.”

मी मागे वळून बघितलं नाही. वायरींना हात का लावू देत नव्हता, ते कळलं.

मशीन घेतलं. आम्ही तिघंही यंत्रांच्या नादाची माणसं, त्यामुळे पहिल्या शुक्रवारी उत्साहच होता. मशीन मोबाईलला जोडलं, त्याचं ॲप उतरवून घेतलं, खालचे सूर वाढव, वरचे कमी कर, असा आमचा धिंगाणा. तो लहान मुलासारखा मान पुढे करून बसला होता. गाणं लावलं. थोडं ऐकून त्याने मशीन काढलं आणि डबीत ठेवलं.

“पत्र्याच्या पिंपात बसून गातायत बाई,” तो म्हणाला.

वहिनी सांगत होत्या, घरात बोलण्यासाठी तरी लावत जा म्हटलं, तर म्हणतात, बोलणं काय, कमी ऐकू आलेलंच बरं. हे त्यांनी हसत सांगितलं आणि चहाचा ट्रे टेबलावर ठेवून त्या लगेच आत गेल्या.

मग त्याने डाव्या कानात कापूस घालायला सुरुवात केली. कापूस घातला की एकच सा राहतो. आम्ही कापसावरून थट्टा केली, अत्तराचा फाया म्हणालो. जमली नाही.

त्या उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी आम्ही गेलो तर तो डाव्या खिडकीशी, कडेच्या खुर्चीत बसला होता. मधली रिकामी.

“तू बस तिथे,” तो मला म्हणाला.

“ती तुझी आहे.”

“मला एका कानाने तिथे आणि इथे सारखंच. उगाच जागा अडवायची. बस.”

मी बसलो. आजवर त्या खुर्चीत मी सलग पाच मिनिटंही बसलो नव्हतो. तोडी लावली. माझ्याच ॲम्प्लिफायरमधून काय काय बाहेर पडत होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाई माझ्या समोर हाताच्या अंतरावर बसलेल्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“तबला कुठे आहे?” त्याने विचारलं.

“डावीकडे.”

“डावीकडे ते मलाही माहितीय. किती मागे? बाईंच्या बरोबरीने की मागे सरकून?”

“जरा मागे,” मी म्हणालो. “हातभर.”

“हं.” त्याने डोळे मिटले. “आणि आता गंधार येईल. नीट लागतोय का ते सांग.”

गंधार आला. मला वाटलं, लागला. पण मला वाटून काय उपयोग? मी “लागला” म्हणालो आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याने मान डोलावली. आयुष्यभर मी त्याच्या “लागला”वर विश्वास ठेवला होता. आता तो माझ्यावर ठेवत होता, आणि माझा कान कसा आहे हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या शेडमधले लूम चालू झाले. लग्नसराईचं काम आलं असेल, शुक्रवारची सुट्टी मोडली असेल. खडखडाट असा की बाईंचा आवाज त्यात बुडून गेला. मी वैतागून उठलो. केळीवालाही माझ्याबरोबर उठला.

“कुठे चाललात?” त्याने विचारलं.

“खिडकी लावतो.”

“का?” माझ्या ओठांकडे बघत त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. खिडकी त्याच्या हाताशी होती आणि कापूस फक्त डाव्या कानात होता, उजवा कान उघडाच होता.

“लूम चालू झाले ना,” केळीवाला म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

तो खिडकीकडे वळला. थोडा वेळ बाहेर शेडच्या पत्र्यांकडे बघत राहिला.

“हो, हो,” तो म्हणाला. “लाव. फारच आवाज करतात.” आणि सवयीने विणकरांच्या सात पिढ्या काढल्या, त्याच्या मते हळू आवाजात. त्या खडखडाटात त्याचं ते पुटपुटणं मला नीट ऐकू आलं, आणि मी खिडकी लावताना कडी सापडत नाही असं दाखवत तिथेच उभा राहिलो.

आम्ही जायला निघालो तेव्हा तो जिन्यापर्यंत आला.

“आता शुक्रवारच पाहिजे असं काही नाही,” तो म्हणाला. “कधीही या.”