रेडकाच्या जागी

कोल्हापुरातल्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धार काढणारा तो माणूस म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवूनच बोलायचा. एके सकाळी मी दूध प्यायला गेलो, तर म्हैस पान्हा सोडेना; तिचं रेडकू मेलं होतं. माझ्या काळ्या स्वेटरकडे बघून तो म्हणाला, “पावणं, जरा तिच्याफुडं ओणवं व्हा की.”

मी झालो. ती माझी मान चाटू लागली आणि दूध उतरलं.

मी कॉलेजात मेंदू शिकवतो. ओणव्यानंच त्याला सांगितलं, “डोळ्यांना जे दिसतं, ते मेंदूच्या मधोमध असलेला थॅलॅमस मेंदूच्या बघणाऱ्या भागाला कळवतो. पण काय दिसायला हवं, ते तो भागच थॅलॅमसला जास्त कळवत असतो.”

“मग हलू नगा,” तो कपाळ न उचलता म्हणाला. “तिचा मेंदू म्हणतुय तवर तुम्ही रेडकूच हायसा.”

दुसऱ्या दिवशी उकडत होतं. तरी मी स्वेटर घालूनच गेलो.